बाबिलोनच्या काठी : लेनर्ड कोहेन, मुंबई आणि दहा गीते

१९९९ सालच्या जानेवारी महिन्यात मुंबईच्या केम्प्स कॉर्नर भागातील एका साध्या हॉटेलात एक परदेशी गृहस्थ मुक्कामास आले. वय चौसष्ट, केस बारीक कापलेले, आवाज इतका खोल की शेजाऱ्याला मान कलती करून ऐकावे लागे. रोज सकाळी ते पायी निघत आणि वॉर्डन रोडजवळच्या गमाडिया रस्त्यावरील ‘सिंधुला’ इमारतीत एका निवृत्त बँक अधिकाऱ्याच्या दिवाणखान्यात चार इतरांसारखे खाली बसून त्यांचे बोलणे ऐकत. प्रश्नोत्तरे होत, शेवटी भजन होई. नंतर चहा, ब्रीच कँडीच्या तलावात पोहणे आणि खोलीवर परतून वाचन, लेखन, ध्यान. हा क्रम काही महिने चालला आणि पुढील चार वर्षांत त्यांनी या घराच्या आणखीही खेपा केल्या. बँक अधिकारी होते रमेश बाळसेकर. पाहुणे होते कॅनडाचे कवी व गायक लेनर्ड कोहेन.

आपल्या वाचकांपैकी तरुणांना हे नाव ठाऊक असेल, वडीलधाऱ्यांना कदाचित नसेल. पण त्यांचे एक गाणे मात्र वडीलधाऱ्यांनीही ऐकलेले असणार. लग्नाच्या मिस्सासाठी गीते निवडताना हल्ली नाशिकमधील तरुण मंडळीही ‘हालेलुया’ नावाच्या इंग्रजी गीताचा आग्रह धरतात. ते कोहेन यांचे. १९८४ साली ‘व्हेरियस पोझिशन्स’ या संग्रहात ते आले, तेव्हा त्यांच्याच अमेरिकन कंपनीने तो संग्रह आपल्या देशात काढण्याचे नाकारले होते. ते पास्काचे स्तोत्र नव्हे. दावीद राजा आणि बथशेबा यांच्या प्रकरणाची छाया त्यावर आहे, शमशोनाच्या कापलेल्या केसांचीही आहे. मोडून पडलेल्या माणसाने मोडक्या आवाजात केलेली ती स्तुती आहे. वधूवरांनी वेदीकडे चालत येताना ते का गाऊ नये, हे मी दरवेळी समजावून सांगतो. घरी, एकांतात ते जरूर ऐकावे, हेही सांगतो.

परंतु आजचा विषय ते गीत नव्हे. मुंबईच्या त्या मुक्कामानंतर दोन वर्षांनी, ९ ऑक्टोबर २००१ रोजी, कोहेन यांचा एक संग्रह प्रसिद्ध झाला. त्याचे नाव अगदी कोरडे, ‘टेन न्यू साँग्ज’, म्हणजे दहा नवी गीते. रॉक संगीताच्या जगातील एका ज्येष्ठ गायकाने नऊ वर्षांच्या मौनानंतर, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी दिलेला हा संग्रह जवळजवळ संपूर्णपणे विजेच्या वाद्यांवर, सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर बेतलेला, संथ आणि सांजवेळेसारखा आहे. त्या सांजेतील थोडा प्रकाश मुंबईतील एका मराठी परंपरेतून आलेला आहे, आणि त्याच वेळी त्या परंपरेला न जुमानणारे काहीतरी जुने, बायबलमधले, या गीतांत शिल्लक राहिले आहे, असे मला वाटते.

कोहेन हे आडनावच मुळी याजकाचे. हिब्रू भाषेत ‘कोहेन’ म्हणजे याजक. आहारोनाच्या वंशाकडे हे पद परंपरेने चालत आले. लेनर्ड यांचा जन्म २१ सप्टेंबर १९३४ रोजी माँट्रियलजवळच्या वेस्टमाउंट येथे झाला. त्यांच्या घराण्यातील पुरुषांनी शार हाशोमायिम या तेथील मोठ्या यहुदी सभास्थानाचे अध्यक्षपद भूषवले होते, आणि आईचे वडील तालमूदचे व्यासंगी रब्बी होते. लेनर्ड नऊ वर्षांचे असताना वडील वारले. असे हे पक्के यहुदी घर, पण गाव मात्र कॅथलिक. क्यूबेक प्रांताच्या त्या राजधानीतुल्य नगरात घंटांचे नाद, मिरवणुका आणि क्रूस यांतून सुटका नव्हती. त्यांच्या ‘सुझान’ या प्रसिद्ध गीतात पाण्यावर चालणारा येशू येतो आणि बंदराची माउलीही येते. ही माउली म्हणजे माँट्रियलच्या जुन्या बंदरावरील नोत्र-दाम-द-बाँ-सकूर या चर्चच्या माथ्यावर, नदीकडे तोंड करून उभी असलेली पवित्र मरियेची मूर्ती. दर्यावर्दी लोकांचे हे चर्च. आत नवसाच्या छोट्या गलबतांच्या प्रतिकृती टांगलेल्या आहेत. वांद्र्याच्या मोतमाउलीला नवस बोलणाऱ्या आपल्या कोळी बांधवांना ते चर्च परके वाटणार नाही. १९६६ च्या त्यांच्या ‘ब्यूटिफुल लूझर्स’ या कादंबरीत कातेरी तेकाक्विथा ही आदिवासी कन्या येते, जिला २०१२ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी संतपद दिले. कादंबरी मात्र कोणाच्या हाती द्यावी अशी नाही. अश्लीलतेचा तिला सोस आहे. यहुदी असूनही हा माणूस ख्रिस्ताभोवती आणि ख्रिस्ती संतांभोवती आयुष्यभर घुटमळत राहिला, एवढे ध्यानात घ्यावे.

घुटमळण्याचे कारण केवळ काव्यात्म नव्हते. ऐन तारुण्यापासून त्यांना खिन्नतेचा आजार होता. थोडे उदास वाटणे वेगळे. हा तर सकाळी उठून दिवसाला सामोरे जाणेच अशक्य करणारा आजार. प्राचीन मठवासी या अवस्थेशी परिचित होते. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या साधूने आठ दुष्ट विचारांत तिची गणना केली आणि स्तोत्रसंहितेतील एका शब्दाचा आधार घेऊन तिला भरदुपारचे भूत म्हटले. पुढे महान ग्रेगरी यांनी आठांचे सात केले, त्यात खिन्नता आणि आळस यांची सरमिसळ झाली. आणि तेव्हापासून आजारी माणसाला आळशी समजण्याची एक वाईट खोड आपल्या समाजालाही लागली. कोहेन यांनी औषधे घेतली, मद्य घेतले, अनेक स्त्रियांचा सहवास घेतला. १९९२ चा ‘द फ्युचर’ हा संग्रह आणि त्यानंतरचा दौरा आटोपल्यावर ते लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डी या डोंगरावरील झेन मठात जाऊन राहिले. जोशू सासाकी या जपानी वृद्ध गुरूंची सेवा, त्यांचा स्वयंपाक, पहाटे अंधारात उठून बैठक, बर्फ उपसणे असे दिवस गेले. १९९६ च्या ऑगस्टमध्ये त्यांना मठवासी म्हणून दीक्षा मिळाली आणि ‘जिकान’ हे मौनसूचक नाव मिळाले. तरीही खिन्नता गेली नाही. मठातच त्यांच्या हाती बाळसेकरांचे एक पुस्तक पडले होते. गुरूंचा निरोप घेऊन ते डोंगर उतरले आणि काही दिवसांतच मुंबईच्या विमानात बसले.

येथे आपल्याला थोडे मागे, खेतवाडीत जावे लागेल. रमेश बाळसेकर (१९१७–२००९) हे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकलेले आणि बँक ऑफ इंडियाच्या सर्वोच्च व्यवस्थापकीय पदावरून १९७७ साली निवृत्त झालेले गृहस्थ. त्यानंतर ते खेतवाडीच्या दहाव्या गल्लीतील एका पोटमाळ्यावरच्या खोलीत जाऊ लागले. तेथे मारुती शिवरामपंत कांबळी, म्हणजेच निसर्गदत्त महाराज, बसत. जन्म १८९७ चा. बालपण मालवणजवळच्या कांदळगावात गेले. पोटासाठी मुंबईत येऊन त्यांनी विडी-तंबाखूची छोटी दुकाने थाटली. शाळेतले शिक्षण नाममात्र. १९३३ साली त्यांना सिद्धरामेश्वर महाराज भेटले, तीन वर्षांत गुरू निवर्तले, आणि शिष्याने गुरूचे एक वाक्य धरून ठेवले, ते असे की आपण ‘आहोत’ या जाणिवेपाशी थांबावे, बाकी सोडावे. ही परंपरा विजापूरकडील इंचगिरीची. तिचे आद्य पुरुष भाऊसाहेब महाराज उमदीकर. तत्त्वज्ञ गुरुदेव रानडे हेही त्यांचेच शिष्य. ती आपले मूळ नवनाथांपर्यंत नेते. आपल्या नाशिककरांना नवनाथ सांगायला नकोत. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी निवृत्तीनाथांना उपदेश केला आणि निवृत्तीनाथांकडून तो ज्ञानदेवांना मिळाला, ही कथा येथे पोरासोरांनाही ठाऊक आहे. निवृत्तीनाथांच्या समाधीला पौषात निघालेल्या दिंड्या आपल्या चर्चच्या फाटकावरून जाताना आपण पाहतोच.

निसर्गदत्त महाराज मराठीत बोलत. त्यांचे बोल जगभर गेले ते मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या यहुदी अभियंत्यामुळे. हा गृहस्थ विलक्षण. गांधीजींच्या सहवासात आलेला, औंध संस्थानात पंतप्रतिनिधींनी प्रजेच्या हाती कारभार सोपवला त्या प्रयोगात खपलेला, भगवे धारण करून ‘भारतानंद’ झालेला. ध्वनिफितींवर मुद्रित केलेली महाराजांची मराठी संभाषणे त्यांनी इंग्रजीत आणली, आणि ‘आय अ‍ॅम दॅट’ हा ग्रंथ १९७३ साली मुंबईच्या चेतना प्रकाशनाने काढला. त्यानंतर त्या पोटमाळ्याचा लाकडी जिना परदेशी पावलांनी वाजू लागला. महाराजांचे मराठी त्यांना समजावून देणाऱ्यांमध्ये बाळसेकर होते. १९८१ च्या सप्टेंबरात घशाच्या कर्करोगाने महाराज गेले. शेवटपर्यंत त्यांनी विडी सोडली नव्हती, हे त्यांचे भक्तही लपवीत नाहीत. पुढे बाळसेकर स्वतः बोलू लागले. पोटमाळा गेला, वॉर्डन रोड आला. मराठी गेली, इंग्रजी आली.

बाळसेकरांच्या उपदेशाचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. जगात घटना घडतात, माणसांच्या हातून कृत्ये होतात, पण त्या कृत्यांचा स्वतंत्र कर्ता असा कोणी नसतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अहंकाराने भ्रमलेला जीव स्वतःला कर्ता मानतो असा जो विचार आहे, त्याचेच हे शेवटचे टोक. मराठी माणूस तर उठताबसता ‘कर्ता करविता परमेश्वर’ म्हणतोच. पण यात फरक आहे. आपला शेतकरी हे म्हणतो तेव्हा म्हणणारा तो उरतो, हात जोडणारा तो उरतो. बाळसेकर त्यालाही बाजूला सारतात. पश्चात्तापाला, गर्वाला, द्वेषाला मग कोणी धनीच राहत नाही.

येथे माझ्यासारख्या धर्मगुरूला थबकावे लागते. आपल्या श्रद्धेनुसार मनुष्याला स्वेच्छा दिलेली आहे. मिस्साच्या प्रारंभी आपण छातीवर हात ठेवून अपराध आपलाच असल्याचे म्हणतो. कर्ताच नसेल तर पापनिवेदन कोणाचे आणि क्षमा कोणाला? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात इतर धर्मांतील सत्य व पवित्र ते काहीही आम्ही नाकारत नाही असे सांगितले, म्हणून अद्वैताचा आदर करणे आपले कर्तव्य ठरते. पण आदर म्हणजे सर्व काही सारखेच आहे असे म्हणणे नव्हे. अभिषिक्तानंद या नावाने ओळखले जाणारे फ्रेंच बेनेडिक्टाईन फादर आंरी ल सो यांनी अद्वैत आणि त्रैक्य यांच्यामधील ही दरी आपल्या देहामनावर सोसली आणि १९७३ साली इंदूर येथे देह ठेवीपर्यंत ती बुजल्याचा दावा केला नाही.

असे असूनही त्या दिवाणखान्यात कोहेन यांना काय मिळाले, हे समजून घेण्यासाठी आपल्याच परंपरेतील एक प्रसंग मला उपयोगी वाटतो. १५२२ साली मान्रेसा येथे संत इग्नाशियस लोयोला यांना पापशंकेने घेरले. जुनी पापे पुन्हा पुन्हा आठवायची, पुन्हा पुन्हा निवेदन करायचे, आणि तरी काही राहिले असे वाटायचे. जीव देण्याचा विचार येईपर्यंत ही पाळी गेली. शेवटी सुटका झाली ती आणखी बारकाईने हिशोब करून नव्हे. गतकाळाची पापे पुन्हा सांगायचीच नाहीत, असे ठरवल्यावर झाली. पापशंकेने पिडलेल्या माणसाला अनुभवी पापनिवेदक आजही हेच सांगतो, की तुझी वही मिटव. खिन्न माणसाची वही सतत उघडी असते. त्याने केलेले, न केलेले, त्याच्यामुळे झालेले, न झालेले, सारे त्याच्या खात्यावर. अशा माणसाला एखाद्या निवृत्त बँकरने शांतपणे सांगावे की हे खातेच तुझ्या नावावर नाही, यात सिद्धान्त म्हणून दोष काढता येईल. औषध म्हणून ते कसे लागू पडले असेल, हे मात्र मला समजते.

कोहेन यांची खिन्नता त्या सुमारास हळूहळू विरली, आणि पुन्हा त्या तीव्रतेने परतली नाही. कशामुळे, हे त्यांनी ठासून सांगितले नाही. बाळसेकरांविषयी ते कृतज्ञतेने बोलत, पण वय वाढले की मेंदूतील चिंतेच्या पेशी मरतात असे आपण कोठेतरी वाचले आहे, अशी पुस्तीही जोडत. नवा धर्म त्यांनी शोधला नाही. आपल्याला आपला जुना, यहुदी धर्म पुरेसा आहे, असे ते मठात असतानाही सांगत असत. मनाचा आजार असलेल्यांच्या घरी मी जातो, तेव्हा त्यांना आधी वैद्याकडे पाठवतो. कोणा एकाच्या सुटकेचे सूत्र दुसऱ्याला लागू होत नाही, म्हणून हे येथे नोंदवतो.

मुंबईहून परतलेल्या कोहेन यांनी शॅरन रॉबिन्सन यांना हाताशी घेतले. या गुणी कृष्णवर्णीय गायिका १९७९ च्या दौऱ्यात त्यांच्या साथीला होत्या, आणि १९८८ च्या ‘एव्हरीबडी नोज’ची चालही दोघांची. लॉस एंजेलिसमधील कोहेन यांच्या घरी गॅरेजवरच्या खोलीत लहानसे मुद्रणगृह होते. कोहेन शब्द देत, रॉबिन्सन आपल्या घरी सिंथेसायझरवर चाल आणि साथ बांधून आणत, मग लीन उंगार या ध्वनिमुद्रक बाईंच्या देखरेखीखाली आवाज भरला जाई. रॉबिन्सन यांचा समज असा की आपली ही यांत्रिक साथ केवळ कच्चा आराखडा आहे, पुढे खरे वादक येतील. कोहेन यांनी आराखडाच कायम केला. अपवाद अगदी थोडे, एका गीतात गिटार, एकात तंतुवाद्यांचा मेळ. दहाही गीतांवर दोघांची नावे आहेत, मुखपृष्ठावरही दोघे शेजारी आहेत, आणि कोहेन यांचा आवाज जेथे जमिनीला टेकतो तेथे रॉबिन्सन यांचा आवाज त्याला हात देऊन उभा करतो.

यंत्राशी त्यांची ही सलगी नवी नव्हती. एका हलक्या, खेळण्यासारख्या कॅसिओ कीबोर्डवर त्यांनी १९८४ साली ‘डान्स मी टू द एंड ऑफ लव्ह’ हे गीत बांधले. लोक ते लग्नात वाजवतात, पण त्याचा उगम नाझींच्या छळछावण्यांत आहे. दहनभट्ट्यांच्या शेजारी कैद्यांच्याच वाद्यवृंदाला वाजवायला लावत, ही गोष्ट त्यामागे होती. एवढे ओझे त्या स्वस्त खेळण्याने पेलले. आपल्या चर्चमधील गायनवृंदातही हार्मोनियम-तबल्याच्या शेजारी आता कीबोर्ड आला आहे, आणि त्यावरील तयार ताल सुरू करून देणारी कळ मला मनापासून आवडत नाही. पवित्र वेदीपुढे श्वास न घेणारा ताल कशाला, असे वाटते. परंतु ‘टेन न्यू साँग्ज’मध्ये त्या श्वास न घेणाऱ्या तालाचाच उपयोग केलेला आहे. ड्रम मशीन थकत नाही, उत्तेजित होत नाही, गायकाच्या दुःखाने हेलावत नाही. त्या निर्विकार चौकटीत वृद्ध माणसाचा तुटका, धुराने जाडावलेला श्वास ठळक दिसतो. जिवंत वादक असते तर त्यांनी त्याला सहानुभूती दिली असती. कोहेन यांना बहुधा ती नको होती.

गीतांत मुंबई नावाने कोठेही नाही. पण ‘लव्ह इटसेल्फ’ घ्या. खिडकीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत धूळ नाचते आहे, ती पाहता पाहता पाहणाराच विरून जातो, आणि नाव नसलेल्या कशाकडे तरी वाट उघडते. ‘यू हॅव लव्हड इनफ’मध्ये तर प्रेम करणारा आपण नव्हतोच, प्रेमाने आपल्याला निवडले, असा भाव आहे. गमाडिया रस्त्यावरचा उपदेश येथे जवळजवळ उघडपणे ऐकू येतो. गंमत अशी की पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात, आता जगतो तो मी नव्हे तर माझ्यात ख्रिस्त, असा जो अनुभव येतो, तोही याच्या फार लांब नाही. फक्त पौलाच्या वाक्यात ‘मी’च्या जागी शून्य येत नाही, कोणीतरी येतो. ‘अ थाउजंड किसेस डीप’मध्ये आयुष्यभराच्या छोट्या जिंकण्यांचा शेवट एका पक्क्या पराभवात होतो आणि तो पराभव निमूट स्वीकारला जातो. ‘अलेक्झांड्रा लीव्हिंग’ ग्रीक कवी कवाफी यांच्या एका कवितेवरून केले आहे. तेथे अँटनी आपले अलेक्झांड्रिया नगर गमावतो. कोहेन यांनी नगराची स्त्री केली. हातचे जात असता कारणे सांगू नयेत, खिडकीशी उभे राहून नीट निरोप घ्यावा, हा मूळ कवितेचा कडक बाणा त्यांनी सांभाळला आहे.

सिंगापूरच्या बुगिस स्ट्रीटवरून नाव घेतलेले ‘बूगी स्ट्रीट’ हे गीत मला संग्रहाचा कणा वाटते. डोंगरावर काही काळ प्रकाश दिसतो, मिठी मिळते, आणि मग माणसाला पुन्हा बाजारपेठेच्या, वाहतुकीच्या, वासनेच्या रस्त्यावर परतावे लागते. ताबोर पर्वतावर तीन मंडप बांधू पाहणाऱ्या पेत्राचीही तीच गत झाली. कोहेन यांनी तक्रार केलेली नाही. रस्ता हाच पत्ता, हे त्यांना मान्य झालेले दिसते.

आणि मग ‘बाय द रिव्हर्स डार्क’. हे गीत आपण बायबल वाचणाऱ्यांनीच नीट समजून घ्यावे असे आहे. १३७ वे स्तोत्र आपल्याला ठाऊक आहे. ख्रिस्तपूर्व ५८७ च्या सुमारास यरुशलेम पडले, लोकांना बाबिलोनला नेले, तेथील नद्यांच्या काठी त्यांनी वीणा झाडांना टांगल्या आणि परक्या भूमीत परमेश्वराचे गीत गाण्यास नकार दिला. यरुशलेमला विसरलो तर माझा उजवा हात लुळा पडो, अशी शपथ स्तोत्रकर्त्याने वाहिली. कोहेन यांचा नायकही बाबिलोनच्या काठी राहतो, पण तो तेथे रमला आहे. पवित्र गीत तो विसरला आहे. त्या काळ्या नदीकाठी अंधारात कोणीतरी त्याच्या मागावर आहे. तो त्याला गाठतो, ओठ आणि काळीज कापतो, आणि त्यानंतर नायकाला स्वतःचे बेबंद हृदय दिसते. शेवटी तोही शपथ वाहतो, पण उलटी. बाबिलोनला विसरलो तर आशीर्वाद जावो, असे तो म्हणतो.

प्रथम ऐकताना हे अभद्र वाटते. मला तसे वाटत नाही. यिर्मया संदेष्ट्याने बाबिलोनमधील निर्वासितांना पत्र लिहिले होते (त्याच्या पुस्तकाच्या २९ व्या अध्यायात ते आहे) आणि त्यात घरे बांधा, बागा लावा, लग्ने करा, ज्या नगरात तुम्हाला पाठवले त्याचे कल्याण चिंता, असा अनपेक्षित उपदेश होता. शपथ आणि पत्र दोन्ही एकाच बायबलमध्ये आहेत. कोहेन यांनी शपथ उलटी करताना पत्राच्या बाजूने कौल दिला. मात्र माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो अंधारातला मारेकरी. कर्ता कोणीच नसेल तर मागावर असतो तो कोण, आणि कापला जातो तो कोण? याबोकच्या काठी रात्रभर याकोबाशी झुंजून त्याची जांघ निखळवणारा जो कोणी होता, तोच हा. बाळसेकरांच्या दिवाणखान्यात त्याला जागा नव्हती. कोहेन यांच्या गीतात तो न बोलावता आला.

हा एकच पुरावा नाही. ‘दॅट डोन्ट मेक इट जंक’मध्ये मद्याशी झालेल्या झटापटीची कबुली आहे. ‘हिअर इट इज’मध्ये क्रूस, खिळे आणि टेकडी एकेक करून समोर मांडली जातात. शेवटचे ‘द लँड ऑफ प्लेंटी’ ही तर प्रार्थनाच. समृद्धीच्या देशावर सत्याचा प्रकाश पडावा असे मागणारी, आणि ख्रिस्ताचे पुनरुत्थान माणसाच्या अंतःकरणात व्हायचे अजून राहिले आहे अशी खंत करणारी. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला महिनाही झाला नव्हता तोच ही गीते अमेरिकेच्या दुकानांत आली. लिहिली होती आधीच, पण त्या शरद ऋतूत ती ऐकणाऱ्यांना तसे वाटले नसेल. हिशोबाची वही मिटवायला शिकलेल्या माणसाने निवेदन मात्र सोडले नाही, असा अर्थ मी यातून काढतो. बाळसेकरांचे औषध त्याने घेतले, त्यांचे तत्त्वज्ञान पूर्णपणे घेतले नाही.

पुढची हकिगत थोडक्यात. २००४ साली कळले की त्यांच्या व्यवस्थापिकेने त्यांच्या निवृत्तीची पुंजी, पन्नास लाखांहून अधिक डॉलर, नाहीशी केली आहे. जुन्या कोहेन यांना एवढे पुरेसे झाले असते. या कोहेन यांनी वकील केला, आणि २००८ मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी, पुन्हा रंगमंचावर पाऊल टाकले. शॅरन रॉबिन्सन साथीला होत्याच. टोपी काढून वादकांना वाकून नमस्कार करणारा, गुडघ्यांवर बसून गाणारा हा म्हातारा गायक २०१३ पर्यंत जगभर हिंडला. त्याच २००८ साली रॉक संगीताच्या अमेरिकन कीर्तिमंदिरात त्यांचे नाव कोरले गेले. ‘टेन न्यू साँग्ज’ त्यांनी अर्पण केला होता तो माउंट बाल्डीच्या सासाकी गुरूंना. बाळसेकर २००९ च्या सप्टेंबरात, बाण्णवाव्या वर्षी, मुंबईतच वारले.

२१ ऑक्टोबर २०१६ रोजी कोहेन यांचा जिवंतपणीचा अखेरचा संग्रह आला. पाठीचे दुखणे इतके की घरात वैद्यकीय खुर्चीत बसून त्यांनी तो गायला. साथीला यंत्रे होती, पण त्यांच्या जोडीला माँट्रियलच्या शार हाशोमायिम सभास्थानातील पुरुषांचा गायनवृंद आणि तेथील मुख्य गायक यांना बोलावले होते. अब्राहामाने मोरिया डोंगरावर परमेश्वराच्या हाकेला दिलेला ‘हिनेनी’ हा हिब्रू शब्द (हा मी, येथे आहे) त्या गायकाच्या कंठातून येतो. सतरा दिवसांनी, ७ नोव्हेंबरला, कोहेन गेले. पार्थिव लॉस एंजेलिसहून माँट्रियलला नेले, आणि आईवडिलांजवळ, साध्या लाकडी पेटीत, त्याच सभास्थानाच्या दफनभूमीत पुरले. बातमी जगाला कळली ती अंत्यविधी उरकल्यानंतर.